जुनी पेठ आणि नवे मजले



शेतात पिकलेली भाजी जोवर बाजारात जात नाही तोवर ती नुसती भाजीच असते. बाजारात गेली म्हणजे मग तिचीच मुलांची फी होते, आजीचे औषध होते आणि पावसाळ्यापूर्वी घरावर चढवायची कौले होतात. म्हणून बाजार ही केवळ शहरवाल्यांची वस्तू आहे, असे मानणे चुकीचे होय. आपल्यापैकी कितीतरी आयाबहिणी पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन शहराच्या पेठेत जातात. तेथील एक ठरलेला कोपरा आणि एखादा ओळखीचा व्यापारी यांच्यावर त्यांचे घर चालते. तो कोपरा उद्या नाहीसा झाला, तर पिकावर रोग पडल्याइतकेच नुकसान आपल्या उंबऱ्याशी येऊन उभे राहील. याच कारणास्तव आज आम्ही दूर माळव्यातील एका पेठेची हकीकत आपणांपुढे मांडीत आहोत.

ती पेठ उज्जैनची. उज्जैन हे नाव ऐकताच महाकालेश्वराचे देवालय आणि क्षिप्रेचे घाट डोळ्यांपुढे येतात, व ते साहजिकच आहे. परंतु हे नगर जितके यात्रेचे तितकेच व्यापाराचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक दर्यावर्दीने ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध असलेला ग्रंथ लिहिला. त्यात ‘ओझीनी’ या नावाने उज्जैनचा उल्लेख आहे. तेथून अकीकासारखे रंगीत दगड, तलम मलमल आणि साधे कापड भडोच बंदरास जात असे, व भडोचहून ते गलबतांत चढून पश्चिमेकडील देशांस रवाना होत असे. म्हणजे या गावात तागडी धरणाऱ्या हातांची परंपरा जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे.

आपल्या मराठी माणसांचाही या गावाशी जुना ऋणानुबंध आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी माळव्यातील आपल्या कारभाराचे ठाणे येथे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या देवालयाची पुन्हा उभारणी करविली. पुढे १८१० साली दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरास हलविली. परंतु राजधानी गेली तरी पेठ राहिली. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी भर बाजारात गोपाळमंदिर बांधविले. ते आजही उभे आहे, आणि त्याच्या भोवती छत्री चौक, पटनी बाजार, सराफा, कंठाल, नमक मंडी अशा गल्ल्या पसरल्या आहेत. कारभार, लष्कर आणि नोकरी यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे तेथे गेली आणि तेथलीच झाली. हिंदीतील मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध आणि त्यांचे बंधू, मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध, हे अशाच एका कुटुंबातले.

मध्यंतरी काही कामानिमित्त आमचे उज्जैनला जाणे झाले. कामातून सवड मिळताच आम्ही त्या जुन्या पेठेतून चालत निघालो. रस्ता एवढा अरुंद की समोरून हातगाडी आली म्हणजे माणसाने दुकानाच्या ओट्यावर चढावे. एका कापडाच्या दुकानापुढे असेच चढलो असता आतून शुद्ध मराठीत आवाज आला, “या फादर, बसा. गाडी जाईपर्यंत पाणी तरी घ्या.” सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ गादीवर बसले होते. आमचा झगा त्यांनी ओळखला आणि हातातील मराठी मासिकावरून आमची भाषाही ओळखली. दुकान त्यांच्या वडिलांनी भाड्याने घेतलेले. मालक तिसराच, तो इंदूरला राहतो.

बोलता बोलता विषय निघाला तो रस्तारुंदीचा आणि नव्या इमारतींचा. गृहस्थ म्हणाले, “फादर, रस्ता रुंद झाला तर माझे अर्धे दुकान जाईल. उरलेल्या अर्ध्यात मी बसू की कापडाची ठाणे ठेवू?” तोच मागच्या बाजूने त्यांचा मुलगा पुढे झाला. तिशीतला, बोलण्यात आदब असलेला. तो म्हणाला, “बाबा, पण या गल्लीत गाडी येत नाही म्हणून निम्मे गिऱ्हाईक येत नाही, हे तुम्हीच रोज म्हणता ना? नव्या इमारतीत गाळा घेऊ. वर कचेऱ्या असतील, खाली दुकाने. दिवसभर माणूस हलता राहील.” वडिलांनी मान हलविली आणि म्हटले, “गाळा मालकाला मिळेल रे. आपण कोण? आपण भाडेकरू.” मुलगा यावर काही बोलला नाही. वडील आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, “फादर, घरात रोज याच गोष्टीवर जेवण थंड होते.”

त्या एका दुकानात आम्हांस सगळ्या वादाचे मूळ सापडले. वाद जुने विरुद्ध नवे असा दिसतो खरा. परंतु त्या वृद्धाच्या शेवटच्या वाक्यात खरी अडचण होती. नवे उभे राहील, पण त्यात आपले स्थान कोणते, हे त्यांस कोणी सांगितलेले नव्हते.

आता उज्जैनमध्ये हे सारे एकाएकी का उभे राहिले, ते पाहू. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकालेश्वर देवालयालगत ‘महाकाल लोक’ या भव्य परिसराचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. रुद्रसागर तलावाच्या काठाने नऊशे मीटरांहून लांब असा हा मार्ग असून त्यात १०८ स्तंभ आहेत. सगळ्या योजनेचा खर्च सुमारे ८५६ कोटी रुपये ठरला. त्यानंतर यात्रेकरूंची संख्या कितीतरी पटीने वाढली. यात्रेकरू वाढले म्हणजे त्यांना उतरायला जागा हवी, जेवण हवे, वाहने लावण्यास मैदान हवे. देवालयाभोवतीच्या जमिनीचे मोल चढले. जेथे घरे होती तेथे हॉटेले होऊ लागली.

त्यातच २०२८ साली सिंहस्थाचा मेळा भरावयाचा आहे. बारा वर्षांनी येणारा हा मेळा मागे २०१६ साली झाला. त्याच्या तयारीसाठी जुन्या शहरातील रस्ते रुंद करण्याची कामे हाती घेण्यात आली. केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात प्रत्येक राज्यात एक ‘युनिटी मॉल’, म्हणजे राज्याराज्यांतील हातमालाच्या विक्रीचे एक मोठे केंद्र, उभारण्याची योजना मांडली, आणि मध्य प्रदेशाने त्यासाठी उज्जैनची निवड केली. हेतू चांगला आहे. उज्जैनच्या भैरवगढ भागातील छिपा कारागिरांच्या बाटिक कापडास २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या कापडास चांगली बाजारपेठ मिळाली तर कोणास आनंद होणार नाही?

परंतु नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये देवालयाच्या विस्तारासाठी लगतच्या वस्तीतील अडीचशेहून अधिक बांधकामे पाडण्यात आली. त्यांत एक मशीदही होती. नुकसानभरपाई देऊन जागा घेतली, असे शासनाचे म्हणणे. आमचे सगळे आयुष्य तेथे गेले, असे रहिवाशांचे म्हणणे. त्याच वर्षी बेगमबाग भागात विकास प्राधिकरणाने राहण्यासाठी दिलेल्या भूखंडांवर धंदा चालतो म्हणून भाडेपट्टे रद्द झाले व इमारती जमीनदोस्त झाल्या. नियम मोडला हे खरे असेल. परंतु घराचे हॉटेल का झाले, याचे उत्तर वाढलेल्या गर्दीत आणि चढलेल्या भावात आहे. घाईचाही एक धडा या नगरास मिळाला आहे. २८ मे २०२३ रोजी आलेल्या वादळात नव्या परिसरातील सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा कोसळल्या; त्या दगडाच्या नव्हत्या. जुन्या पेठेतील दगडी ओटे मात्र असली कित्येक वादळे पाहून बसले आहेत.

येथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. जुने ते सारे सोने, असे आमचे मत नाही. ज्या गल्लीत आगीचा बंब शिरत नाही, त्या गल्लीचे आम्हांस कौतुक नाही. मुंबईत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजाराजवळच्या पाकमोडिया मार्गावरील हुसैनी इमारत सकाळच्या वेळी कोसळली आणि ३३ जणांचा बळी गेला. ती इमारत पाडून नवी बांधण्याचे आधीच ठरले होते. काही कुटुंबे हलली होती, काही राहिली होती. जी राहिली त्यांच्यावर काळाने घाला घातला. तेव्हा तडे गेलेल्या भिंतीला केवळ आजोबांच्या आठवणीखातर टेकून बसणे, हे शहाणपण नव्हे. उज्जैनच्या त्या तरुणाचे म्हणणेही आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्याची मुले शिकत आहेत; त्यांना उद्या कचेरीत काम मिळावे, गाव सोडून दूर जावे लागू नये, असे त्याला वाटते. आपल्या गावांतूनही किती मुले पहाटेच्या गाडीला लोंबकळत शहरात जातात! कचेऱ्या गावाजवळ आल्या तर कोणत्या आईला नको आहेत?

मग प्रश्न राहतो तो कोठे आणि कसे, एवढाच.

कोठे, याचे उत्तर उज्जैननेच एकदा दिलेले आहे. शिंदे संस्थानाच्या काळात शहर वाढू लागले, तेव्हा रेल्वेमार्गाच्या पलीकडे माधवनगर ही नवी वस्ती आखण्यात आली. लोक तिला फ्रीगंज म्हणतात. सरळ आणि रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, आणि मध्यभागी घड्याळाचा मनोरा. त्या ठिकाणाला आजही टॉवर चौक असेच नाव आहे. त्या काळच्या मंडळींना नवा बाजार हवा होता, म्हणून त्यांनी गोपाळमंदिराभोवतीचा जुना बाजार मोडला नाही. त्यांनी रूळ ओलांडले आणि मोकळ्या जागी नवे वसविले. आज उज्जैनचा माणूस लग्नाचा बस्ता आणि दागिने घेण्यास जुन्या पेठेत जातो व बाकीच्या कामांसाठी फ्रीगंजात. दोन्ही पेठा नांदत आहेत. मनोरा उभारावयाचा तर त्याला जागा लागते, वाहने लागतात, पाण्याचा मोठा नळ लागतो. ही सोय मोकळ्या जमिनीवर सहज होते. दहा फुटी गल्लीत ती करावयाची तर चाळीस दुकाने उठवावी लागतात.

कसे, याचे उत्तर थोडे कठीण आहे. ते समजण्यासाठी पेठ चालते कशी, हे पाहिले पाहिजे. पेठ म्हणजे नुसती दुकानांची रांग नव्हे. कापडवाल्याच्या शेजारी शिंपी असतो, शिंप्याच्या वरच्या माळ्यावर काज-बटणे करणारी बाई असते, खाली रस्त्यावर चहावाला असतो आणि कोपऱ्यावर हमाल बसलेला असतो. एकाचे गिऱ्हाईक ते दुसऱ्याचे गिऱ्हाईक. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याला लग्नाचे कापड उधारीवर मिळते, कारण दुकानदार त्याच्या वडिलांना ओळखत असतो. पीक निघाले की तो पैसे आणून देतो. ही उधारी कोणत्याही करारपत्रात नसते, ती ओळखीत असते. दुकानदार एका टोकाला गेला, शिंपी दुसऱ्या टोकाला आणि हमाल देशोधडीला लागला, तर प्रत्येकाला भरपाई मिळूनही पेठ मेलेली असते. दुसरी गोष्ट भाड्याची. जुन्या गाळ्याचे भाडे थोडे असते. नव्या इमारतीत भाडे चढते, आणि वर दिव्याचा, पहारेकऱ्याचा, लिफ्टचा खर्च येतो. सोने विकणाऱ्यास तो झेपेल. कुंकू-बांगड्या विकणाऱ्या बाईस झेपणार नाही.

परदेशांतही हे प्रसंग येऊन गेले आहेत. पॅरिस शहराच्या मध्यभागी ‘ले आल’ नावाची जुनी मंडई होती. लोखंड आणि काच यांची तिची दालने जगप्रसिद्ध होती. १९६९ साली मंडई शहराबाहेर रंजिस येथे हलविण्यात आली आणि १९७१ पासून ती दालने पाडली गेली. कित्येक वर्षे तेथे एक प्रचंड खड्डा तेवढा राहिला. पुढे १९७९ साली त्या जागी जमिनीखाली दुकानांचे संकुल उघडले. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डन येथील फळे-भाजीपाल्याची मंडई १९७४ साली अशीच दुसरीकडे गेली. तिच्या भोवतीचा भाग पाडून मोठे रस्ते, हॉटेले आणि कचेऱ्या उभारण्याचा बेत होता. परंतु रहिवाशांनी एकजुटीने विरोध केला, आणि १९७३ साली सरकारने तेथील सुमारे अडीचशे इमारतींना संरक्षण दिले. मंडईची इमारत दुरुस्त होऊन १९८० साली दुकानांसाठी पुन्हा उघडली. आज लंडनला जाणारा प्रवासी ती पाहिल्यावाचून परतत नाही. मात्र एवढ्यावर समाधान मानू नये. भिंती वाचल्या, पण भाडी चढली, आणि तेथले कितीतरी लहान कारागीर व दुकानदार टिकू शकले नाहीत. यावरून शिकावयाचे ते हे की, केवळ इमारत राखली म्हणजे पेठ राखली असे होत नाही. माणसे राखावी लागतात.

आपल्या जवळचे उदाहरण भेंडी बाजाराचे. २००९ साली दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या प्रेरणेने एक विश्वस्त संस्था स्थापन झाली. साडेसोळा एकरांतील सुमारे अडीचशे जीर्ण इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांचा एकत्र पुनर्विकास करण्याचे तिने मनावर घेतले. तेथे उंच मनोरेच उभे राहात आहेत. परंतु त्या योजनेत एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. रहिवाशांसाठी आधी तात्पुरती घरे उभारली गेली, आणि भाडेकरूंनाही नव्या इमारतीत मालकीची जागा देण्याचे ठरले. पहिले मनोरे २०२० साली तयार झाले. योजनेस लागलेली वर्षे पाहता ती निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही, आणि हुसैनी इमारतीचे दुःख तिच्याच हद्दीतले आहे. तथापि ‘तू भाडेकरू, तुझे येथे काय?’ असे तेथे कोणी म्हटले नाही. उज्जैनच्या त्या वृद्ध दुकानदारास नेमके हेच ऐकावयाचे होते.

म्हणून आमचे मत आम्ही चार शब्दांत सांगतो: आधी बसवा, मग उठवा. ज्याचे पोट पेठेवर आहे, त्यास प्रथम विचारावे. त्याची पर्यायी जागा बांधून तयार व्हावी. त्याच्या हाती लेखी हक्क द्यावा. आणि त्यानंतरच कुदळ उचलावी. मालकाची मोजदाद होते, तशीच भाडेकरूची, कारागिराची आणि टोपलीवालीची व्हावी. रस्ता रुंद करावयाचा तर एकाच वेळी सगळी गल्ली न उघडता टप्प्याटप्प्याने करावा, म्हणजे धंदा अगदीच बंद पडणार नाही. आणि जेथे मनोऱ्यास मोकळी जागा आहे, तेथे पेठेच्या मानेवर तो बसवू नये.

हे केवळ दयेचे बोल नव्हेत. त्यास कायद्याचाही आधार आहे, आणि तो आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावा. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे केवळ जमिनीचा मालक नव्हे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जागेवर ज्यांची उपजीविका अवलंबून होती असे भाडेकरू, कारागीर व मजूर यांचाही त्यात समावेश आहे. समाजावर होणाऱ्या परिणामांची आधी पाहणी करून लोकांची सुनावणी घ्यावी, असेही तो सांगतो. मोबदला शहरात बाजारभावाच्या दुप्पट आणि खेड्यात चौपटीपर्यंत असू शकतो. मात्र जागा वाटाघाटीने किंवा नगररचनेच्या दुसऱ्या कायद्याखाली घेतली, तर ही सारी कलमे लागू होतीलच असे नाही. यास्तव नोटीस हाती येताच ती कोणत्या कायद्याखाली आली आहे, ते प्रथम वाचावे आणि जाणत्या वकिलास दाखवावे.

रस्त्यावर बसून विक्री करणाऱ्यांसाठी २०१४ सालचा फेरीवाला कायदा आहे. प्रत्येक शहराच्या फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले असावेत व त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्यात आहे. तीस दिवसांची नोटीस दिल्याखेरीज विक्रेत्यास हलविता येत नाही. आणि ज्या ठिकाणी पन्नास वर्षांहून अधिक काळ असा बाजार भरत आला आहे, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करून तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही हा कायदा म्हणतो. शहरात भाजी विकणाऱ्या आमच्या भगिनींनी विक्रीचा दाखला काढून तो जपून ठेवावा. कागद नसलेल्या माणसाची मोजदाद करणारा अधिकारी क्वचितच भेटतो.

आणखी एक गोष्ट उज्जैनहून घेण्यासारखी आहे. सिंहस्थासाठी तेथील शेतकऱ्यांची जमीन दर बारा वर्षांनी काही महिन्यांपुरती घेतली जात असे आणि मेळा उठला की शेतकरी पुन्हा नांगर धरीत. या खेपेस ती जमीन कायमची घेऊन तिच्यावर पक्के रस्ते व बांधकामे करण्याची योजना निघाली. दोन हजार हेक्टरांहून अधिक जमिनीचा प्रश्न होता. शेतकऱ्यांनी बैठका घेतल्या, मोर्चे काढले, शासनाशी बोलणी केली. अखेर २०२५ च्या शेवटी सरकारने ती योजना मागे घेतली. शेतकरी संघटित होते, म्हणून त्यांचे म्हणणे ऐकले गेले. पेठेतला दुकानदार मात्र बहुधा एकटा असतो. शेजारचा दुकानदार त्याचा प्रतिस्पर्धी असतो, आणि उठविण्याची वेळ आली तरी ती चढाओढ सुटत नाही.

आपल्या वसईनेही हे अनुभवले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर इमारतींचे शहर वसविण्याचा आराखडा पुढे आला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि सर्व धर्मांचे लोक तिच्या झेंड्याखाली रस्त्यावर आले. २०२४ साली फादर दिब्रिटो आपल्यांतून गेले. पण लोकांनी वेळीच एकत्र येऊन विचारलेला प्रश्न किती दूरवर ऐकू जातो, हे ते दाखवून गेले. शास्त्रातील नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. राजाने त्यास याहून चांगला मळा देऊ केला होता, पैसाही देऊ केला होता. तरी वाडवडिलांची जागा त्यास विकावयाची नव्हती. आजचे शासन म्हणजे तो राजा, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. लोकांच्या सोयीसाठी जमीन घेणे कधी कधी भाग पडते. परंतु चांगला मोबदला देऊ केला म्हणजे माणसाला विचारण्याची गरज संपली, असे होत नाही, एवढे त्या गोष्टीतून खचित निघते.

परतताना आम्ही पुन्हा त्या दुकानावरून गेलो. मुलगा गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडीत होता. वडील गादीवर वही घेऊन बसले होते. आम्ही विचारले, “मग काय ठरले?” वडील हसले. म्हणाले, “ठरले एवढेच की उद्या गल्लीतल्या साऱ्या भाडेकरूंची बैठक आमच्या दुकानात. बोलावणे याने केले, चहा माझ्याकडून.” मुलगा म्हणाला, “फादर, मला नवी इमारत हवी आहे, बाबांना नको आहे. पण भाडेकरूचे नाव यादीत आले पाहिजे, यावर आमचे दोघांचे एकमत झाले.”

वाचकहो, त्या घरात त्या रात्री जेवण गरम असतानाच झाले असावे, अशी आमची समजूत आहे. आपल्या तालुक्याच्या गावीही आज ना उद्या मोजमापाची साखळी घेऊन माणसे येतील. त्या वेळी बाप-लेकांनी भांडत बसू नये आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे पाठ फिरवू नये. यादी मागावी, ती सर्वांदेखत वाचावी, आणि जिचे नाव राहिले असेल अशी एखादी टोपलीवाली कोपऱ्यात बसली असेल, तर तिचे नाव आधी लिहून घ्यावे. मग खुशाल मजले चढोत.